गच्चीवरचं थांबलेलं पाणी: कूलिंग टॉवरमधले जिवाणू आणि वर्षभराची देखभाल

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडची मंगल कार्यालयं जागी होतात. आषाढीपासून धूळ खात पडलेले सोफे बाहेर निघतात, जनरेटरमध्ये डिझेल पडतं आणि एसीवाल्याला फोन जातो, "परवा लग्न आहे, एसी चालू करून द्या." असाच एक फोन आला म्हणून काही वर्षांपूर्वी मी लातूरजवळच्या एका कार्यालयाच्या गच्चीवर चढलो. १०० टनी चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा गोल फायबरचा कूलिंग टॉवर. खालचं बेसिन काठोकाठ भरलेलं. पाण्यावर कबुतराची पिसं, कुजलेली पानं आणि तपकिरी साय. वॉचमन मामा कौतुकानं म्हणाले, "साहेब, चार महिने थेंब वाया जाऊ दिला न्हाई. टँकर केवढ्याला पडतो ठावं हाय ना तुम्हाला."

मी उत्तर देईपर्यंत खालून कुणीतरी पंप आणि पंखा दोन्ही चालू केले. टॉवरच्या तोंडातून बारीक तुषार उडाले, वाऱ्यानं तिरके झाले आणि मागच्या पत्र्याच्या शेडवर उतरले. तिथे चार आचारी बुंदी पाडत बसले होते. ओल्या गोणपाटासारखा वास माझ्यापर्यंत आला. जिना उतरून पंखा बंद करायला मिनिटभर लागलं असेल. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण टॉवरच्या देखभालीबद्दल कुणी विचारलं की मी सुरुवात त्या मिनिटापासून करतो. रोज चालणारा, जरा मळका टॉवर मला तितका घाबरवत नाही. चार महिने पाणी भरून बंद ठेवलेला आणि एका बटणात चालू केलेला टॉवर मात्र घाबरवतो.

आत नेमकं काय वाढतं

चिलरच्या कंडेन्सरमधून, म्हणजे उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागातून, गरम झालेलं पाणी साधारण ३७ अंशांना टॉवरच्या माथ्यावर येतं, नोझलमधून फिलवर, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या पन्हळी गठ्ठ्यांवर, सांडतं, पंख्याच्या हवेत त्याचा थोडा भाग उडून जातो आणि उरलेलं ३२ अंशांच्या आसपास बेसिनमध्ये पडतं. लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो आणि पस्तिशीच्या आसपास त्याची सगळ्यात चांगली भरभराट होते. म्हणजे आपण विजेचं बिल भरून त्याला हवं तेच तापमान राखून देतो. वर धूळ, शेवाळ, गंज, क्षार हे खाणं-पिणं आणि राहायची सोय.

तो पाण्यात सुटा फार कमी सापडतो. त्याचं घर म्हणजे बेसिनच्या भिंतीवरचा, फिलच्या पन्हळीतला बुळबुळीत थर. त्या थरात अमिबासारखे एकपेशीय जीव असतात आणि हा त्यांच्या पोटात शिरून वाढतो. तिथे क्लोरीन पोचत नाही. म्हणून पाणी काचेसारखं नितळ असलं तरी टॉवर स्वच्छ आहे असं समजू नये. हातमोजा घालून बेसिनच्या भिंतीवर बोट फिरवा. खरखर लागली तर क्षार, बुळबुळ लागली तर जिवाणूंची वस्ती. माझ्यासाठी ही पहिली तपासणी. मीटर नंतर.

माणसाला तो पाणी पिऊन सहसा बाधत नाही, श्वासावाटे बाधतो. तुषारातला मोठा थेंब जवळच खाली पडतो, बारीक थेंब हवेत सुकत सुकत लांब जातो आणि फुप्फुसात खोल उतरतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लिजन' या संघटनेचं अधिवेशन होतं. त्यानंतर विचित्र न्यूमोनियाची लाट आली आणि तीसच्या आसपास माणसं दगावली. पुढच्या वर्षी जिवाणू सापडला आणि संघटनेचंच नाव त्याला चिकटलं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात एका हॉटेलच्या टॉवरमुळे १३८ जण आजारी पडले आणि १६ गेले. त्यानंतर त्या शहरानं प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी सक्तीची केली.

आजार अंगात शिरल्यावर बहुधा २ ते १० दिवसांत दिसतो: जोराचा ताप, कोरडा खोकला, धाप, अंगदुखी, कधी जुलाब, कधी रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलतो. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून घरात एकालाच झाला तरी कुणाला संशय येत नाही. पन्नाशीपुढचे, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांना धोका जास्त. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं इथे चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी लागतात. म्हणून टॉवरवर काम केलेल्या माणसाला आठवड्याभरात ताप-धाप आली, तर "मी टॉवर साफ केला होता" हे वाक्य त्यानं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. त्यावरून लघवीची साधी अँटिजेन चाचणी सुचते. ती मुख्य प्रकारचा लिजिओनेला त्याच दिवशी पकडते.

घरातल्या कूलरबद्दल हमखास विचारतात. लोखंडी कूलरमध्ये पाणी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून झिरपतं, तुषार होऊन फारसं उडत नाही. त्यात जास्त भीती डेंग्यूच्या डासांची. आठवड्यातून एकदा तळ पुसून कोरडा करा आणि विषय संपवा.

पाणी वाचवायचं, पण कुठे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते ज्या लातूरकरांनी पाहिलं त्यांना "टॉवरचं पाणी सोडून द्या" असं सांगणं सोपं नाही. मलाही जीभ जड होते. म्हणून आधी हिशेब मांडतो.

१०० टनी टॉवरमधून ताशी सुमारे ६८ हजार लिटर पाणी फिरतं. ते ५ अंशांनी थंड करायचं तर ताशी साधारण ५२० लिटर वाफ होऊन जातं. हे थांबवता येत नाही, गारवा त्याच वाफेचा आहे. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात. ते साचू नयेत म्हणून थोडं पाणी मुद्दाम सोडावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. बेसिनच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) भरणीच्या पाण्याच्या किती पट आहे, तो आकडा म्हणजे सायकल. वाफेला 'सायकल वजा एक' नं भागलं की ब्लोडाऊन मिळतं. दोन सायकलवर चालवलं तर ताशी ५२० लिटर सोडावे लागतात, तीनवर २६०, पाचवर १३०, आठवर ७४.

आता हे आकडे नीट बघा. दोनवरून पाचवर आलात तर ताशी ३९० लिटर वाचले, म्हणजे दहा तासांत जवळपास एक छोटा टँकर. पाचवरून आठवर गेलात तर फक्त ५६. त्या ५६ लिटरसाठी पाणी इतकं जड होतं की कंडेन्सरच्या नळ्यांत क्षारांची खडी धरते, कॉम्प्रेसर ताणतो आणि खडीच्या खरबरीत पृष्ठभागावर जिवाणूंचा थर आणखी घट्ट बसतो. आमच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी मुळातच जड. सॉफ्टनर नसेल तर तीनच्या पुढे जाऊ नका. सॉफ्टनर असेल आणि चिलर कंपनीनं दिलेली मर्यादा परवानगी देत असेल तर पाच. ब्लोडाऊन साफ बंद करणं ही काटकसर नव्हे. वाचलेल्या पाण्याचे पैसे पुढे डिस्केलिंगवाल्याला, म्हणजे खडी काढणाऱ्याला जातात.

खरी गळती दुसरीकडे असते. बेसिनचा बॉलकॉक बहुतेक ठिकाणी वर बसवलेला असतो. पंप चालू असेपर्यंत काही कळत नाही. पंप बंद झाला की पाइपमधलं आणि फिलवरचं पाणी खाली येतं आणि ओव्हरफ्लोमधून गुपचूप गटारात जातं. दिवसातून पाच वेळा वीज गेली तर पाच वेळा जातं. पंप बंद करून ओव्हरफ्लोच्या तोंडाशी उभे राहा. पाणी आलं तर पंप चालू असतानाची पातळी खाली घ्या, पण पंप हवा ओढणार नाही इतपतच. पंपाचं ग्लँड (दांड्याजवळचं सील), तुटलेले लूव्हर (हवा आत घेणाऱ्या पट्ट्या) आणि मेकअप म्हणजे भरणीच्या लाइनवर नसलेला मीटर ही पुढची ठिकाणं. मीटर बसवा, नाहीतर कुठलाच हिशेब लागणार नाही.

टँकरच्या पाण्याचं वेगळंच गणित. सकाळचा टँकर एका विहिरीचा, दुपारचा दुसऱ्या बोअरचा. टँकरवाला म्हणणार, "भाऊ, हिरीचं गोड पाणी हाय, डोळे झाकून घ्या." डोळे उघडे ठेवा आणि पाइप टाकीत सोडायच्या आधी पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवा. एकाच दिवशी मी ४५० आणि १,६०० असे दोन टँकर पाहिले आहेत. दुसरा बागेच्या टाकीकडे वळवला.

एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी टॉवरला वापरायची पद्धत आता मॉल आणि रुग्णालयांत आली आहे. वापरता येतं, पण त्यातला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो आणि सेंद्रिय गाळ जिवाणूंना खाऊ घालतो. वाळूचा फिल्टर, अल्ट्राफिल्टरेशन आणि रोजची क्लोरीन तपासणी नसेल तर ते पाणी झाडांनाच द्या. उलट एएचयूच्या, म्हणजे खोल्यांत गार हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, ट्रेमधून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते फारसं निघत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये बादल्यांनी निघतं आणि बहुतेक इमारतींत सरळ नाल्यात जातं. एक पाइप टाकून ते टॉवरच्या भरणीला जोडा.

रोजची आणि आठवड्याची नजर

रोज सकाळी पंप चालू झाल्यावर पंधरा मिनिटांनी तीन आकडे घ्यायचे: टीडीएस, पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा), मोकळा क्लोरीन. क्लोरीन ०.५ ते १ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) हवा. गावाकडे जलसुरक्षक नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघतो, तोच संच बरेच जण गच्चीवर नेतात. तो रंग लगेच पाहिला नाही तर बांधला गेलेला, निकामी क्लोरीनही मोजला जातो. टॉवरसाठी गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांचा संच घ्या.

क्लोरीनचा आकडा एकटा वाचू नका, शेजारी पीएच लिहा. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनचा मारक भाग पीएच ७.५ ला निम्मा असतो, ८.५ ला जेमतेम दहावा. आमचं जड पाणी दोन-तीन सायकल फिरलं की ८.५ च्या पुढे सहज जातं. म्हणजे रजिस्टरमध्ये ०.५ लिहिलंय, पण कामाचा क्लोरीन ०.०५ आहे. अशा ठिकाणी ब्रोमीनवाला बायोसाइड (जिवाणू मारणारं औषध) परवडतो, कारण जास्त पीएचला तो क्लोरीनपेक्षा बरा टिकतो. त्याच्या जोडीला पंधरा दिवसांतून एकदा वेगळ्या जातीचा, ऑक्सिडायझिंग नसलेला बायोसाइड द्यावा. आयसोथायझोलिनोन, डीबीएनपीए ही नावं डब्यावर दिसतील. तो टाकल्यावर काही तास ब्लोडाऊन बंद ठेवायचं. नाहीतर महागडं औषध गटारातले जिवाणू मारतं.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट बाजारात १० ते १२ टक्क्यांचं मिळतं, पण ते टिकाऊ नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, ४२ अंशांच्या उन्हाळ्यात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत पाणीच होत जातो. खाली सावलीत ठेवा, महिन्याला पुरेल एवढंच आणा, कॅनवर आणल्याची तारीख मार्करनं लिहा. ब्लीचिंग पावडर स्वस्त आहे म्हणून टाकू नका. तिच्यातला चुना बेसिनच्या तळाशी बसतो आणि आपणच गाळ तयार करतो.

आठवड्यातून एकदा डिप स्लाइड. ही दोन्ही बाजूंना खाद्य लावलेली पट्टी पाण्यात बुडवून ३० अंशांना ४८ तास ठेवायची आणि उगवलेले ठिपके तक्त्याशी ताडायचे. मिलिलिटरला १०,००० पर्यंत असतील तर ठीक. १०,००० ते १,००,००० असतील तर डोस, पंप, गाळ सगळं तपासा आणि पुन्हा पट्टी लावा. एक लाखाच्या वर गेलं तर त्याच दिवशी हालचाल. ही पट्टी एकूण जिवाणू सांगते, लिजिओनेला सांगत नाही. पट्टी चांगली म्हणून लिजिओनेला नाहीच, असं होत नाही.

दर आठवड्याला स्टँडबाय पंप आलटून पालटून चालवा. बंद पंपाच्या पाइपात, दुसऱ्या चिलरच्या पाइपच्या फांदीत, दोन टॉवरना जोडणाऱ्या समतोल नळीत जे पाणी थांबलेलं असतं तेही मघाच्या बेसिनसारखंच मुरत असतं. कायमची निरुपयोगी फांदी असेल तर कापून टाका, व्हॉल्व्ह लावून ठेवू नका.

वरच्या ड्रिफ्ट एलिमिनेटरकडे कुणी बघत नाही, कारण त्यासाठी शिडी लागते. तुषार अडवणाऱ्या या वाकड्या पट्ट्या नीट बसलेल्या असतील तर फिरणाऱ्या पाण्याच्या ०.००२ टक्के एवढंच पाणी थेंबांच्या रूपात बाहेर जातं. आपल्या १०० टनी टॉवरला ते ताशी सव्वा-दीड लिटर होतं. पट्टी निसटली, उन्हानं वाकली, एखादा तुकडा गायब झाला की आकडा दहापट व्हायला वेळ लागत नाही. टॉवरच्या बाजूला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर पांढरे ठिपके सुकत असतील, तर शिडी मागवा.

रजिस्टरबद्दल एकच सांगतो. एका ठिकाणी सलग ३१ दिवस पीएच ७.५ आणि क्लोरीन ०.५ लिहिलेलं पाहिलं, एकाच शाईत. तिथे पाणी कुणी तपासलंच नव्हतं, पेनच बोलत होतं.

मोठी साफसफाई

वर्षातून दोनदा. आमच्या हवामानात एकदा मार्चच्या सुरुवातीला, उन्हाळा पेटायच्या आधी, आणि एकदा पावसाळा सरल्यावर. कापसाच्या पट्ट्यात, जिनिंगजवळ टॉवर असेल तर हंगामात तंतूंचा थर लूव्हरवर गोधडीसारखा बसतो. तिथे तिसरी सफाई धरून चाला.

आधी पाण्याचं आकारमान काढा. गोल बेसिनचा व्यास अडीच मीटर आणि पाणी ३० सेंटिमीटर असेल तर सुमारे १,५०० लिटर. सहा इंची पाइप ६० मीटर असेल तर हजारभर लिटर. कंडेन्सर आणि बाकी धरून ३,००० लिटर म्हणू. त्यात ५ पीपीएम क्लोरीन म्हणजे १५ ग्रॅम, म्हणजे दहा टक्क्यांचं हायपो फक्त १५० मिलिलिटर. कागदावर. मळक्या टॉवरमध्ये शेवाळ आणि चिखलच त्यातला बराचसा खातात, त्यामुळे लागतं त्याच्या कितीतरी पट. म्हणून मापानं एकदम ओतू नका. थोडं टाका, मोजा, पुन्हा टाका.

दिवस असा निवडा की इमारतीत माणसं कमी असतील. रुग्णालय असेल तर आदल्या दिवशी मेट्रनना आणि आयसीयूच्या प्रमुखांना भेटून सांगा. टॉवरच्या बाजूच्या खिडक्या आणि ताज्या हवेचे डँपर (बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपा) काम संपेपर्यंत बंद हवेत. शक्य असेल तर ते डँपर टॉवरच्या वाऱ्याखाली मुळात नसावेतच, पण गच्चीवर जागा नाही म्हणून दोन्ही शेजारी बसवलेले मी जास्त पाहिले आहेत.

पंख्याचा स्टार्टर बंद, फ्यूज बाहेर, पॅनेलला कुलूप आणि चावी आत उतरणाऱ्या माणसाच्या खिशात. पंप मात्र चालू राहू द्या. आधी गाळ सैल करणारा बायोडिस्पर्संट टाका, पीएच आठच्या वर असेल तर थोडं पाणी सोडून ताजं भरा. मग पंपाच्या सक्शनजवळ हायपो सोडायला लागा. सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून पाणी प्रत्येक फांदीतून, स्टँडबाय पंपातूनसुद्धा फिरलं पाहिजे. ५ पीपीएम गाठल्यापासून पाच तास मोजायचे आणि दर तासाला तपासून आकडा खाली गेला तर भर घालायची. पहिल्या तासात पाणी गढूळ होतं, फेस येतो, काळी साल सुटून तरंगते. घाबरू नका, त्यासाठीच हा खटाटोप आहे.

पाणी सोडायच्या आधी क्लोरीन मारायचा, सोडियम थायोसल्फेट टाकून. इथे एक गंमत आहे आणि ती महागात पडू शकते. जुने फोटोग्राफर थायोसल्फेटलाही हायपोच म्हणायचे. दुकानात नुसतं "हायपो द्या" म्हणालात तर क्लोरीन देणारं की क्लोरीन मारणारं, दोन्हींपैकी काहीही हातात पडू शकतं. पूर्ण नाव लिहून न्या. क्लोरीन शून्य दिसलं की पाणी मलनिस्सारणाच्या वाहिनीत सोडा. शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणाऱ्या नाल्यात नको.

आता हातानं काम. बेसिनमधला गाळ ओला असतानाच प्लास्टिकच्या सुपल्यानं काढा. वाळू दिला तर त्याची धूळ होते. भिंती मऊ ब्रशनं घासा. फिलचे गठ्ठे बाहेर काढून हातात तोलून बघा. नवीन गठ्ठा एका हातानं उचलता येतो. क्षार भरलेला उचलताना कंबर आठवते. असा फिल धुण्यात वेळ घालवू नका, बदला. नोझल उघडून आरपार बघा, कारण चार नोझल बंद असले की फिलचा तेवढा भाग कोमट आणि ओलसर राहतो, म्हणजे जिवाणूंना जे हवं तेच. स्ट्रेनर, लूव्हर, एलिमिनेटर, सगळं खाली उतरवा. शेवाळ उन्हात वाढतं, म्हणून वरच्या उघड्या पाणीवाटप हौदावर झाकण नसेल तर याच दिवशी माप घेऊन टाका.

जेट मशीन गच्चीवर नेऊ नका. वेळ वाचतो हे मला माहीत आहे. २००३-०४ च्या हिवाळ्यात उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले भागात एका पेट्रोकेमिकल कारखान्याच्या टॉवरमुळे ८६ जण आजारी पडले, १८ मेले आणि तुषार सहा किलोमीटरांहून लांब पोचले होते. साथीची दुसरी लाट त्या टॉवरची उच्च दाबानं सफाई चालू असताना आली. साफ करायला गेले आणि तुषार त्यांनीच उडवले. साध्या पाइपाला कमी दाबाचं पाणी, पंखा बंद, आणि घासायला हात.

माणसं कोण पाठवायची हेही ठरवा. ज्याला दमा, मधुमेह आहे किंवा जो दिवसाला दोन बंडल विड्या ओढतो त्याला खाली गाळ वाहायला ठेवा, टॉवरच्या आत नको. तोंडाला बांधलेला गमछा उपयोगाचा नाही. किमान एन-९५ मास्क, चेहऱ्यावर बसेल असा. दाढी असेल तर तो बसत नाही. हा मास्क जिवाणूवाले थेंब अडवतो, क्लोरीनचा वायू अडवत नाही. हायपो हाताळताना कार्ट्रिजचा मास्क, गॉगल आणि रबरी हातमोजे लागतात. आणि डिस्केलिंगचं ॲसिड त्या दिवशी गच्चीवर चढूच देऊ नका. हायपोच्या रिकाम्या बादलीत ॲसिड ओतलं की क्लोरीन वायू उसळतो आणि माणूस शिडीपर्यंत पोचत नाही. खडी काढायची तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादल्यांनी, भरपूर धुऊन.

सगळं परत बसवून ताजं पाणी भरा आणि पुन्हा ५ पीपीएम, पुन्हा पाच तास, पंखा बंदच. ही दुसरी फेरी कंटाळून टाळली जाते, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते. टाळू नका. घासताना सुटलेले जिवाणू आता धुतलेल्या फिलवर बसायला मोकळे झालेले असतात. शेवटी थायोसल्फेटनं किंवा पाणी बदलून क्लोरीन एकच्या खाली आणा आणि मगच पंख्याचं कुलूप काढा.

बंद ठेवायचा असेल तर

शनिवार-रविवार बंद राहणारं कार्यालय असेल तर सोमवारी आधी बायोसाइड, मग अर्धा-पाऊण तास नुसता पंप, आणि शेवटी पंखा. वीज कंपनीचं मोठं शटडाऊन किंवा दिवाळीची सुटी यांनाही हेच लागू. तीन दिवसांपेक्षा जास्त पण महिन्याच्या आत बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा डोस टाकून पाणी सगळीकडे फिरवा. महिन्यापेक्षा जास्त असेल तर पाणी काढून टाका, बेसिन पुसून कोरडं ठेवा, मेकअपचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तळाचा ड्रेन उघडा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. त्या ३,००० लिटरचा मोह होतो हे कबूल. ते पाणी तसंच टँकरमध्ये उपसून बांधकामावर मारायला किंवा रस्त्याच्या मुरुमावर शिंपडायला देऊ नका, तिथेही तुषारच होतात. आधी क्लोरीन देऊन, मग तो मारून गटारात. परत चालू करताना वरची पूर्ण सफाई, दोन्ही फेऱ्यांसकट. त्या मंगल कार्यालयात आता चातुर्मास लागला की मामा स्वतः ड्रेन उघडतात आणि लग्नाच्या तारखेआधी चार दिवस मला फोन करतात. दोन दिवसांवर फोन आला तर मी जात नाही, कूलर लावा म्हणतो.

नमुना आणि रिपोर्ट

तीन महिन्यांतून एकदा लिजिओनेलाचा नमुना पाठवा. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा: एक लिटरची, निर्जंतुक, आत थायोसल्फेटची चिमूट घातलेली. ती चिमूट नसेल तर बाटलीतला क्लोरीन वाटेत जिवाणू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. त्याच कारणानं नमुना डोस टाकायच्या आधी घ्यायचा, डोसनंतर लगेच नाही. जागा म्हणजे परतीची लाइन किंवा बेसिनमध्ये मेकअपपासून लांबचं टोक. ताज्या पाण्याच्या नळाखाली बाटली धरणारे लोक मी पाहिले आहेत.

प्रयोगशाळेला एनएबीएल मान्यता आहे एवढं विचारून भागत नाही. मान्यतेच्या यादीत लिजिओनेला ही चाचणी आहे का ते बघा. नमुना लांबच्या शहरात पाठवायचा तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी पोचेल असा द्या. थर्मोकोलच्या डब्यात, अंधारात, गार पण गोठू न देता. डिकीत इंजिनाशेजारी ठेवू नका म्हणून क्लीनरला बजावा. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून मोजायला, दहाएक दिवस लागतात, तोवर रोजची देखभाल थांबवायची नाही.

लिटरला १०० जिवाणूंपर्यंत आकडा आला तर चाललंय ते चालू ठेवा. १०० ते १,००० आला तर डोसचं वेळापत्रक, पीएच, थांबलेल्या फांद्या तपासा आणि पुन्हा नमुना द्या. १,००० च्या वर आला तर रिपोर्ट हातात पडताच पंखा बंद, हायपो चालू आणि पूर्ण सफाई. इमारतीत किंवा आसपास कुणाला न्यूमोनिया झालाय का, हे व्यवस्थापनाकडून विचारून घ्या आणि आरोग्य विभागाला कळवा. सफाईनंतर दुसऱ्याच दिवशी नमुना घेतला तर तो हमखास चांगला येतो, मालक खूश होतो आणि फाइल बंद होते. आठवडाभर टॉवर नेहमीसारखा चालवा आणि मग घ्या. थराच्या आत उरलेले असतील तर तोवर बाहेर आलेले असतात.